गाळलेलं दीपगृह

परवा केमिस्टकडे ऑलिव्हच्या साबणाचा वास आला आणि मला परदेशात शिकतानाचा, हॅरिस पार्कमधला आमचा भाड्याचा फ्लॅट आठवला. तेव्हा त्या रस्त्यावर दर दुसऱ्या घरात आपल्याकडचीच पोरं राहायची.

मी आणि मुग्धा त्या फ्लॅटमध्ये एकत्र राहायचो, एकाच युनीत, म्हणजे विद्यापीठात होतो. जुलैच्या, म्हणजे तिथल्या हिवाळ्याच्या सुट्टीत तिच्या मावशीने तिला क्रीट बेटावर नेलं. मला मिठाईच्या दुकानात शिफ्ट होत्या. काय काय बघायचं याची यादी मात्र मीच करून दिली, कारण लायब्ररीतून आणलेलं क्रीटचं पुस्तक मी वर्षभर चाळत होते. जुना राजवाडा लिहिला, घळ लिहिली, गुलाबी वाळूचा किनारा लिहिला. तिथल्या खान्या शहराच्या बंदरातलं दीपगृह मुद्दाम गाळलं. ते तरी माझ्याआधी तिने बघायला नको होतं.

परतल्यावर तिने स्वयंपाकघरात हीटरपाशी बॅग उघडली. उन्हाने रापलेल्या हातांनी मला साबण दिला आणि तेच पुस्तक चाळायला घेतलं.

"अगं, हे दीपगृह? आम्ही शेजारच्याच गावात राहिलो होतो."

"सुटलं असेल माझ्याकडून," मी साबण हुंगत म्हणाले.

"बरंच झालं. हे आपण दोघी मिळून बघू."

तिचं ते मोठं मनही मला तेव्हा खुपलं. तिला तेही परवडत होतं.

गेल्या वर्षी मी नवऱ्याबरोबर खान्याला जाऊन आले, दीपगृहापुढे फोटोही काढला. मुग्धा अजूनही दर दिवाळीला फोनवर विचारते, "कधी जायचं गं आपण?"

मी म्हणते, "लेकीची बारावी होऊ दे."