घरमालकांच्या अंगणातली चौथाई

ऐंशीच्या सुमारास रेल्वेने मला बदली करून जयपूरला धाडलं. तिलक नगरमधल्या आम्हा दहा-बारा मराठी घरांचा गणपती माझ्या राजस्थानी घरमालकांच्या अंगणात बसायचा. जागा त्यांची, सतरंज्या त्यांच्या, दिव्यांची वीजही त्यांच्याच घरातली.

एका वर्षी भाषणाची जबाबदारी मी मागून घेतली आणि मराठ्यांनी जयपूरकडून चौथाई कशी वसूल केली, ते हातवारे करून सांगितलं. तेही हिंदीत, म्हणजे कुणाला कळायचं राहू नये. पहिल्या रांगेत घरमालक आणि त्यांच्या आई होत्या. आई मध्येच उठून घरात गेल्या. आतून कडी घातल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"पुढचा गणपती प्लॅटफॉर्मवर बसवा," बायको म्हणाली. "तेवढीच जागा उरलीय तुमच्याकडे."

सकाळी माफी मागायला गेलो, तर घरमालक हसले. "आंगन तो आपका ही है, बाबूजी. बस, अगले साल भाषण हम देंगे."

आणि दिलं. जयपूरच्या फौजेने मराठ्यांना कसं पिटाळलं, ते त्यांनी छान रंगवलं. अंगण त्यांचं असल्यामुळे आम्हीही टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात वाजवल्या माझ्या मुलीने. ती इतिहास शिकली होती जयपूरच्या शाळेत.

"बाबा, मतलब शेवटी आपणच जिंकलो ना?" तिने विचारलं.

घरमालकांच्या आई माझ्याकडेच बघत होत्या.

"हो," मी म्हणालो, "आपणच."