पाठीवरची मोडी

आडी महिन्यात कुंभकोणमला लग्नं होत नाहीत. आडी म्हणजे आपला आषाढच, थोडा पुढे-मागे. त्या महिन्यात आचारी आपापल्या गावी जातात, मंगल कार्यालयाच्या ओसरीवर शेळ्या बसतात आणि वाजंत्रीवाल्यांना काही म्हणता काही काम उरत नाही. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तशातला प्रकार. आमच्या गावच्या वाजंत्रीवाल्यांनी त्या रिकामपणात जे काही केलं, त्याच्यात मी कशी सापडले ते सांगते.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. आमचं घर मराठी. कुठल्याशा राजाच्या काळात पूर्वज तंजावरला आले आणि तिकडचेच झाले. तमिळ लोक आम्हाला 'रायर' म्हणत. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. ते घरातलं मराठीही असं जुनं, की पुढे लग्न होऊन मी पुण्यात आले तेव्हा शेजारणी म्हणाल्या, "अहो, तुम्ही बखरीतून उठून आल्यासारख्या बोलता!" मी मनात म्हटलं, बोलते खरी, पण त्या एकोणिसाव्या वर्षी बखर वाचता कुठे येत होती?

शाळा संपल्यावर अप्पांनी मला शिवणाचं मशीन घेऊन दिलं. अप्पा म्हणजे माझे वडील. माणूस प्रेमळ, पण नियमांचा पक्का. मशीनचा नियम असा, की फक्त बायकांचे कपडे शिवायचे. पुरुषांचा एक जरी कपडा मशीनखाली गेला तर मशीन तंजावरच्या आत्याकडे. आत्याला तीन मुली होत्या आणि तिचा त्या मशीनवर डोळा होता. तिच्या पत्रात आधी मशीनची खुशाली विचारलेली असायची, मग माझी. मला मात्र ते मशीन जिवापेक्षा प्यारं होतं. त्याच्यावर बसलं की कोणी मला 'जरा हे कर, ते कर' म्हणत नसे. घरात ती एवढीच जागा माझी होती.

त्या आडीत एका दुपारी मी मंगल कार्यालयाच्या रखवालदारणीचं पोलकं द्यायला गेले. कार्यालय सुनसान होतं, पण आतून कुठून तरी आवाज येत होता. कोणीतरी क्लॅरिनेटवर आमच्या गल्लीतल्या विड्याची पानं विकणाऱ्या बाईची आरोळी वाजवत होतं. हुबेहूब! "वेत्तलै..." म्हणताना तिचा आवाज शेवटी चिरकतो, तो चिरकासुद्धा होता. मी हसायलाच लागले. रखवालदारीण म्हणाली, "खाली कोठीत बसलेत मेले. बघायचंय?"

भांड्यांची कोठी जिन्याखाली, अर्धी जमिनीत होती. चार पायऱ्या उतरून मी डोकावले, आणि पहिल्यांदा दिसला तो एक भलामोठा डोळा. सुपाएवढा, काजळ घातलेला. तो एका माणसाच्या पाठीवर होता. हा माणूस सिनेमाचे कापडी फलक रंगवायचा. सिनेमा उतरला की जुन्या फलकाचे सदरे स्वतःच शिवायचा, म्हणून नायिकेचा डोळा पाठीवर आणि खलनायकाची अर्धी मिशी काखेत. शिवण इतकी वाईट, की मला त्या डोळ्याआधी ती खांद्याची जोडणीच खुपली.

बाकी सगळे लग्नातल्या बँडचे. क्लॅरिनेटवाला त्यांचा म्होरक्या. एकजण पितळी घागरींवर वाजवायचा. कुंभकोणम म्हणजे पितळी भांड्यांचं गाव, तिथे पोचे पडलेल्या घागरींना काय तोटा? प्रत्येक पोच्याचा सूर वेगळा, असं तो म्हणे, आणि नव्या कोऱ्या घागरीला 'मुकी' म्हणे. वर्षभर लग्नात तीच ती चार गाणी वाजवून विटलेले हे लोक आडीत आपल्याला हवं ते वाजवत. भाताच्या गिरणीची धडधड, आडुतुरैच्या आगगाडीची शिट्टी, पावसाआधीचे बेडूक. ऐकायला कोणीच नाही, म्हणून लाजही नाही. मला तर वाटलं, आपलं गाव मी आज पहिल्यांदा ऐकतेय.

मग काय, रखवालदारणीची पोलकी वाढतच गेली. एवढी पोलकी त्या बाईला जन्मात मिळाली नव्हती. अम्मा, म्हणजे माझी आई, एकदा म्हणाली, "काय गे, ती पोलकीं घालिते की खाते?"

एका दुपारी चित्रकारानं माझ्या पिशवीतून बाहीचा कागदी नमुना उपसला. शिवणाचे नमुने मी जुन्या कागदांचे कापायची. अप्पांनीच माळ्यावरची एक पेटी दिली होती, "ही रद्दी घे, जाड आहे" म्हणून. हातकागद होता, मोडीत लिहिलेला. मोडी म्हणजे आमच्या आजे-पणजांची लिपी. लेखणी न उचलता एका दमात ओढलेली, वेलासारखी. मला ती ओ की ठो वाचता येत नव्हती. अप्पांनाही नाही. वर 'श्री' तेवढं ओळखू यायचं.

चित्रकार त्या बाहीकडे बघतच राहिला. आडी संपून आवणी महिना लागला की पहिल्या लग्नात बँडनं ते लाल, सोनेरी दोऱ्यांचे उकडून काढणारे कोट घालायचे नाहीत, असं त्यांचं ठरलं होतं. साधे, सैल, बिनकॉलरचे सदरे घालायचे, पण त्यांवर काहीतरी हवं होतं. "हे हवं," तो म्हणाला. "तमिळ लिहिलं की लोक वाचत बसतात, ऐकत नाहीत. हे कोणी वाचणार नाही. काय लिहिलंय?"

"वर श्री आहे," मी ऐटीत म्हणाले. "देवाचंच काहीतरी असणार."

आता सांगते, मोडीत लिहिलेल्या प्रत्येक कागदावर 'श्री' असतो. धोब्याच्या यादीवरही असतो. पण हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि घरात विचारायचं सुचलं नाही.

सदरे शिवायला गावात शिंपी का नव्हते? होते. पण तो डोळ्यावाल्या सदऱ्याचा खांदा मी पाहिला होता, आणि असे सदरे मला दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायचेच नव्हते. अप्पांचा नियम आठवत होता. तरी मी हो म्हणाले. मापं रखवालदारणीच्या नवऱ्यानं सुतळीला गाठी मारून आणली. पांढऱ्या सुती कापडाचे सहा सदरे मी दुपारी अप्पा कचेरीत असताना शिवले. चित्रकारानं त्या कागदातल्या सगळ्यांत वळणदार अशा सहा ओळी निवडून पाठींवर खडूनं मोठ्ठ्या काढून दिल्या, आणि मी त्यांवर लाल दोऱ्यानं साखळी टाका घातला. साखळी टाका आणि मोडी यांचं काय जमतं म्हणून सांगू! दोघांनाही मध्ये थांबणं ठाऊक नाही.

आवणीतलं पहिलं लग्न आमच्याच ओळखीच्या एका रायरांकडे निघालं. म्हणजे आमचं सगळं घर तिथे हजर. तिकडे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवरदेवाला उघड्या मोटारीत बसवून मिरवतात. बँड समोर आला तेव्हा लोक खूश झाले. कोणी म्हणालं, ही मद्रासची फॅशन. कोणी म्हणालं, छे, मुंबईची. मी बायकांत उभी राहून फुगत होते. मग मिरवणूक निघाली. बँड पुढे चालतो, हे मला ठाऊक होतं. त्यामुळे त्यांच्या पाठी सगळ्या वऱ्हाडाकडे होणार, हे काही डोक्यात आलं नव्हतं.

आमच्या घरात एक धाकटे आजोबा होते, म्हणजे माझ्या आजोबांचे भाऊ. पंचाहत्तरीचे. गावात मोडी वाचणारे ते शेवटचे. पण म्हातारपणी त्यांना जवळचं चष्म्यानंही दिसेनासं झालं होतं. कागद कितीही लांब धरला तरी हात पुरत नसे. घरोघरचे जुने कागद वाचून द्यायचं त्यांचं काम बंद पडलं होतं, आणि ते दिवसभर ओसरीवर गप्प बसून असत. लांबचं मात्र त्यांना घारीसारखं दिसे.

मोटारीच्या कडेनं चालता चालता ते एकदम थांबले, आणि खणखणीत आवाजात वाचू लागले.

"वरणांत मीठ नव्हतें!"

मुलीच्या बापानं चमकून मागे पाहिलं.

"वांगीं कच्चीं राहिलीं! केळीचीं पानें फाटकीं! मांडवांत ढेकूण! विहीण फार तोंडाळ!"

भर रस्त्यात, भर मिरवणुकीत. विहीणबाई तिथेच उभ्या होत्या. मी अम्माच्या मागे सरकले. आजोबांनी बोट शेवटच्या पाठीवर, क्लॅरिनेटवाल्याच्या पाठीकडे नेलं.

"वाजंत्री बेसूर!"

कोणीतरी क्लॅरिनेटवाल्याला तमिळमध्ये अर्थ सांगितला. तो वळला, त्यानं आजोबांकडे पाहिलं, आणि तोंडाला वाद्य लावून इतका बेसूर, इतका भयंकर एक सूर काढला, की मोटारीतला नवरदेवच आधी फस्सकन हसला. मग विहीणबाई हसल्या. मग कोण हसलं नाही ते विचारा.

अप्पा हसले नाहीत.

आणि आजोबाही हसत नव्हते. ते रस्त्याच्या कडेला एका पायरीवर बसले होते. मी धावत गेले. "हें माझ्या लग्नाचें पत्र," ते म्हणाले. "माझ्या मामानें लिहिलें. त्यास वरणांत मीठ नव्हतें म्हणून जन्मभर राग होता. तुझी धाकटी आजी नेहमी विचारी, तुमच्या मामानें आमच्या घराविषयीं काय लिहिलें? पत्र माझ्या हातीं कधीं लागलें नाहीं, म्हणून मज ठाऊक जाहालें नाहीं. आतां ठाऊक जाहालें, तर ती नाहीं." मला रडू आलं. ते मात्र डोळे पुसून म्हणाले, "ढेकूण होते खरे."

घरी आल्यावर अप्पांनी एकच विचारलं, "सदरे शिविले कोणीं?" मी खरं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन गोणपाटात गुंडाळून, सुतळीनं बांधून ओसरीवर आलं. बैलगाडी दाराशी. मी आत चुलीपाशी तोंड फिरवून बसले होते. बाहेर बराच वेळ काही हललं नाही म्हणून डोकावले, तर धाकटे आजोबा मशीनवर बसलेले. आंघोळ करून, गंध लावून.

"उठा की काका," अप्पा म्हणत होते.

"माझ्या लग्नाचें पत्र तूं रद्दींत दिलेंस," आजोबा म्हणाले. "हिनें सहा माणसांच्या पाठीवर लाविलें. काल कितीक वर्षांनीं मज कांहीं वाचितां आलें. आतां तूंच सांग, आत्याकडे कोणास पाठवावें? हिच्या मशीनास, कीं तुज?"

अप्पा गाडीवाल्याला नाही म्हणून आले. मशीन सोडायला मात्र त्यांनीच सुरी आणून दिली.

आजोबांनी दोन अटी घातल्या. एक, मी त्यांच्याकडून मोडी शिकायची. पेटीतले उरलेले कागद मी त्यांना वाचून दाखवायचे. दुसरी, त्यांनाही एक तसाच सदरा हवा. ओळ त्यांनी स्वतः भिंतीवर कोळशानं मोठी लिहून दिली. मी ती उतरवून घेऊन लाल दोऱ्यानं पाठीवर टाकली. काय लिहिलंय विचारलं तर म्हणाले, "शीक, मग वाच."

ते तो सदरा घालून गावभर हिंडत. बाजारात, देवळात, तळ्याच्या पायऱ्यांवर. कोठीतल्या मंडळींकडेसुद्धा जात आणि गिरणीची धडधड ऐकत मान डोलवत. मला पाहिलं की गालातल्या गालात हसत. मी रोज संध्याकाळी अक्षरं घोटत होते. मोडीत शब्दांमध्ये जागा नसते. कुठे काय संपतं ते वाचणाऱ्यानं ओळखायचं. महिने गेले. मी कंटाळायची, रागवायची, "हें कोण्या शहाण्यानें काढिलें" म्हणून लेखणी टाकायची. पुढची आडी जवळ आली.

एका सकाळी आम्ही पानं आणायला निघालो होतो. आजोबा पुढे, मी मागे. सवयीनं त्यांच्या पाठीकडे बघत चालले होते, आणि बघता बघता ती वेल एकदम सुटली. शब्द वेगळे झाले. लिहिलं होतं:

*हें शिवणारीस हें वाचतां येत नाहीं.*

वर्षभर! वर्षभर हे गृहस्थ माझ्याच हातच्या टाक्यांनी माझी फजिती गावभर मिरवत होते. मी रस्त्यातच ओरडले, "आजोबा, हें खोटें आहे!"

ते थांबले. मागे वळले नाहीत. "केव्हांपासून?"

"आत्तांपासून."

"तर मग घरीं चल," ते म्हणाले. "उसव."

पानं राहिली. घरी आल्यावर त्यांनी सदरा काढून दिला आणि मशीनशेजारी उघडे बसून राहिले. मी सगळी ओळ उसवली नाही. शेवटचं 'नाहीं' तेवढं काढलं, आणि त्याआधीच्या 'येत'मधल्या 'त'वर लाल दोऱ्याची एक मात्रा चढवली.