पारूबाईंचे अर्धे सिनेमे

चौक गावाबाहेर, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरच्या एका ढाब्यावर पारूबाईंनी पंचवीस वर्षं भाकऱ्या थापल्या. ट्रकवाले थांबून आधी विचारायचे, "आज बाई आहेत ना?" आणि बाई रजेवर असल्या तर तोंड वाकडं करून पाव खायचे. भाकरीची कीर्ती अशी पार पनवेलपर्यंत. बाई थापा मारण्यातही तितक्याच तरबेज होत्या, हे मात्र घरात कुणाला ठाऊक नव्हतं. निदान पारूबाईंची तशी समजूत होती.

त्याचं असं झालं. एक मे रोजी शाळेचे निकाल लागायचे. मैना आणि जानकी या दोन्ही लेकी पास झाल्या की त्या महिन्यात खोपोलीच्या टॉकीजला एक सिनेमा, हा घरचा कायदा. पारूबाई स्वतः शाळेची पायरी चढल्या नव्हत्या, म्हणून कायदा जरा जास्तच कडक पाळायच्या. नवरा धर्माजी साजगावच्या कारखान्यात कामाला. त्यांची सुट्टी बघून चौघं साडेतीनच्या खेळाला जायची. अडचण एकच. त्यांच्या आडगावात जाणारी मुक्कामाची एस.टी. खोपोलीहून साडेपाचला सुटायची, आणि ती चुकली की फाट्यापासून पोरींना घेऊन तंगडतोड. धर्माजींना सिनेमा सुरू होताच झोप लागायची, पण मध्यंतराचे दिवे लागले रे लागले की ते ताडकन उठायचे. "चला गं, गाडी जाईल!" पोरी रडकुंडीला येऊन उठायच्या. आठ वर्षांत आठ सिनेमे पाहिले, आठही अर्धे.

"पुढं काय झालं असंल गं, आये?" बसमध्ये बसलं की जानकी विचारायची.

"सांगते. दारावरच्या भिवाजीला इचारूनच आले मी."

भिवाजी म्हणजे टॉकीजच्या दारात तिकिटं फाडणारा. बाहेर पडताना आई त्याच्याशी काहीतरी कुजबुजते, हे पोरी डोळ्यांनी बघायच्या. आता खरं सांगायचं तर पारूबाई त्याला एवढंच विचारायच्या, "किती वाजले रं, भिवाजी?" शेवट त्या बसच्या बाकावर बसून रचायच्या. त्यांच्या शेवटात आंधळ्या भावाला दिसायला लागायचं, टांगेवाल्याचा हरवलेला घोडा घरी यायचा आणि खोटारडा मामा शेणात पडायचा. पुढच्या बाकावरची माणसं मान वळवून ऐकायची. एकदा तर कंडक्टरने फाट्यावर घंटी मारायची थांबवली, मामा पडेपर्यंत.

शहाऐंशीच्या मे महिन्यात दोघी लेकी पोराबाळांना घेऊन माहेरी आल्या. मैना मुंबईच्या इस्पितळात नर्स होती, जानकी कर्जतला दिलेली. शिळफाट्याच्या अलीने नुकतंच व्हिडिओचं दुकान टाकलं होतं. टीव्ही, व्हीसीआर, कॅसेटी, सगळं भाड्याने घरपोच. मैनेने पहिल्याच दिवशी फर्मान काढलं.

"या सुट्टीत आपले अर्धे सिनेमे पुरे करायचे. मध्यंतराच्या पुढचंच बघायचं. पयलं अर्धं सगळ्यांना पाठ हाय."

जानकीने टाळी दिली आणि यादी सुरू झाली. खरी नावं कुणाला आठवतील तर शपथ. घरात सगळ्या सिनेमांना घरचीच नावं पडलेली होती: आंधळ्या भावाचा, टांग्याचा, मामाचा.

"आन् नदीचा," मैना म्हणाली.

पारूबाई यादी सोडून चुलीकडे वळल्या.

नदीचा सिनेमा पाहिला त्या वर्षी मैना दहावीत पास झाली होती. स्थळ सांगून आलं होतं, भावकी घाई करत होती, आणि पोरगी गप्प गप्प राहायची. सिनेमातल्या बाईला नवरा घराबाहेर काढतो, ती नदीच्या काठावर येऊन उभी राहते, आणि तिथेच मध्यंतर. बसमध्ये मैनेने पुढं काय झालं म्हणून विचारलंसुद्धा नाही. खिडकीबाहेर बघत बसली. तेव्हा पारूबाई आपणहून म्हणाल्या होत्या, "भिवाजी म्हनला, ती नदीवरनं माघारी फिरली. शहरात जाऊन नर्सचं शिकली. मग त्यो नवराच आजारी पडून तिच्यापुढं आला, आन् तिनं त्याला सुई टोचली. चांगली जाड बघून." अख्खी बस हसली होती. पुढच्या वर्षी अकरावीची मॅट्रिक झाल्यावर मैनेने नर्सिंगचा फॉर्म भरला आणि बापाला सांगितलं, त्या सिनेमातल्या बाईसारखं करायचंय. स्थळ परत गेलं.

आता खरा शेवट पडद्यावर आला तर? पोरीने सगळं आयुष्य आपल्या एका थापेवर उभारलंय, हे तिला कळलं तर ती आपल्याला काय म्हणेल? पारूबाईंना दोन दिवस भाकरी गोड लागली नाही. तिसऱ्या दिवशी त्या तडक शिळफाट्याला गेल्या.

"अली, नदीचा मागितला तर नाय म्हन."

"मावशे, नाव तर सांग! नदीचे माझ्याकडं तेरा हायत," अली म्हणाला. बाकीचे सिनेमे ओळखायला त्याची आई शरीफा मदतीला बसली होती. टांग्याचा म्हणताच तिने विचारलं, "घोडा पांढरा का काळा?" आणि पुढच्या क्षणी कॅसेट काढून दिली. नदीच्या तेरांपैकी एकही द्यायचा नाही, असं अलीकडून कबूल करून घेऊनच पारूबाई परतल्या.

रविवारी सकाळी टेंपोतून टीव्ही आला. खिडक्यांवर गोधड्या टांगल्या, आळीतली पोरं दाटीवाटीने बसली, धर्माजी भिंतीला टेकले आणि लगेच घोरायला लागले. मैना कॅसेट मध्यंतरापर्यंत पळवायची आणि तिथून सगळे डोळे लावून बघायचे. बघतात तो काय, आंधळा भाऊ आंधळाच राहिला. टांगेवाल्याचा घोडा मेला. मामाला तर कुणी बोटसुद्धा लावलं नाही. पोरांनी भोकाड पसरलं.

"आज्जे, तू तर म्हनालेलीस घोडा घरी येतो!"

"भिवाजी लबाड निघाला, दुसरं काय," पारूबाई म्हणाल्या.

"दर येळंला?" जानकीने डोळे बारीक करून विचारलं.

संपले एकदाचे, असं म्हणून पारूबाई चहा टाकायला उठल्या, तर मैनेने आपल्या पिशवीतून आणखी एक कॅसेट काढली. मुंबईहून आणलेली. वर सिनेमाचं खरं नाव लिहिलेलं होतं. नदीचा. अलीचं तोंड बंद करून काय उपयोग, लेक आईच्या वरताण निघाली होती.

पडद्यावर ती बाई नदीच्या काठावर येऊन उभी राहिली. पारूबाई चहा विसरून दारातच उभ्या राहिल्या. 'मध्यंतर' अशी पाटी आली आणि भिंतीशी धर्माजी ताडकन उठले.

"चला गं, गाडी जाईल!"

सगळं घर हसून लोळलं. हसता हसताच मैनेने व्हीसीआर बंद केला. पोरं ओरडली, पण तिने आईचा हात धरून खाली बसवलं.

"पुढचं मी बघितलंय, आये. होस्टेलवर पयल्याच वर्षी. नको ते शिक्षण म्हनून ट्रंक भरलेली मी. गाडीला येळ होता, म्हनून थेटरात शिरले, तर ह्योच सिनेमा." "नदीत उडी मारते ती. शेवट त्योच हाय."

पारूबाईंनी मान खाली घातली. "लबाड बोलले बाय मी तुज्याशी."

"लबाड कुटं? थेटरात लय रडले. मग मनात आलं, हिला नदीतनं माझ्या आयेनं काढली. माझ्यापायी. तशीच गेले आन् ट्रंक रिकामी केली." मैनेने डोळे पुसले आणि पोरांना जवळ ओढलं. "ह्यांना तुजा शेवट ऐकवायला आणलीय ही कॅसेट. हं, सांग."

पारूबाई पदराने तोंड पुसून सवयीने म्हणाल्या, "भिवाजी म्हनला..."

"भिवाजी नको," मैना म्हणाली. "तूच सांग."

पारूबाई नीट मांडी घालून बसल्या.

"मी सांगते, ऐका," त्या म्हणाल्या. "ती नदीवरनं माघारी फिरली."