दोन घोट पेज

आक्का गेली हे सांगायला डॉक्टर स्वतः बाहेर आले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि माझ्या मनात पहिलं आलं ते दुःख नव्हतं, भीती होती... आता हे पुन्हा विचारतील. त्यांनी विचारलं नाही. ‘फुप्फुसांनी साथ दिली नाही,’ एवढंच म्हणाले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला गेले पाच आठवडे मी हेच वाक्य ऐकवतो आहे. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. मी मुळात कमी बोलणारा, त्यामुळे पुढचं कुणी विचारलं नाही.

आक्का माझी मोठी बहीण, माझ्याहून सोळा वर्षांनी मोठी. पावसच्या शाळेत तिने एकतीस वर्षं मुलांना शिकवलं. आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो. मला वाढवलं आक्काने, आणि त्या गडबडीत तिचं लग्न राहिलं ते राहूनच गेलं. घरात तिचा एकच कायदा होता, रिकाम्या पोटी उंबरा ओलांडायचा नाही. परीक्षा असो, राजापूरची पहाटेची एसटी असो, आधी उकड्या तांदळाची पेज आणि वर लोणच्याची फोड. मी घाईत नको म्हटलं की दारात आडवी उभी राहायची. ‘मेल्या, गाडी थांबेल, पोट थांबायचं नाय!’ पुढे मी रत्नागिरीत कारकून झालो, संसार थाटला, तरी ती चार दिवस राहायला आली की माझ्या ऑफिसच्या वेळेआधी चुलीवरचा, म्हणजे आता गॅसवरचा, टोप तिच्याच ताब्यात.

अशीच राहायला आली असताना एका रविवारी आम्ही भाट्याच्या समुद्रावर फिरायला गेलो. सुरूच्या बनापाशी ती एकदम उजव्या कुशीवर हात दाबून वाकली. ‘गॅस झालाय रे,’ म्हणाली. घरी पोचेपर्यंत हुडहुडी भरली. सोमवारी दवाखान्यात सोनोग्राफी झाली. पित्ताशयाच्या तोंडाशी खडा अडकला होता, पिशवी सुजून पुवाने भरली होती. ऑपरेशन तिच्या हृदयाला झेपणारं नव्हतं. बाहेरून बरगडीखालून नळी घालावी, तर रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू. तिसरा मार्ग होता. तोंडातून दुर्बीण घालायची आणि पोटाच्या आतूनच पित्ताशयात एक छोटी नळी बसवायची. पू आतल्या आत आतड्यात वाहून जातो, वर जखमही नाही. हे करणारे डॉक्टर कोल्हापूरहून फक्त गुरुवारी यायचे. ‘तोवर इंजेक्शनांवर ठेवू, पण पिशवी फुटली तर कठीण,’ इथले डॉक्टर म्हणाले. ते तीन दिवस मी तिच्या पोटाकडेच बघत होतो. ती कूस वळली तरी मी उठून उभा राहायचो.

बुधवारी सिस्टरने बजावलं, उद्या सकाळपासून तोंडात काही घालायचं नाही. आणि गुरुवारी सकाळी मी, जन्मात पहिल्यांदा, पेज केली. शाळेने निरोपाच्या वेळी आक्काला दिलेला लहानसा थर्मास गळ्यापर्यंत भरला आणि घेऊन गेलो.

‘हे काय?’

‘पेज. नुसती निवळ आहे, पाणीच.’

‘सिस्टरने काल काय सांगितलंन?’

‘दोन घोट घे गं. एवढी दुर्बीण आत जायची, पोटाला काही आधार नको?’

‘तू केलीस?’ ती हसली. ‘मग बघायलाच हवी.’

ती पीत होती तेव्हा मी दाराकडे बघत होतो. पावलं वाजली तसा थर्मास तिच्या हातातून घेतला, झाकण आवळलं आणि कपड्यांच्या पिशवीत टॉवेलाखाली सारला. सिस्टरने विचारलं, ‘मावशी, काही खाल्लं-प्यायलं नाही ना?’

आक्काने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, ‘नाही.’ आज परत पाठवलं तर पुढचा गुरुवार, आणि तोवर पिशवी टिकते की नाही... डोक्यात एवढंच होतं. वर्गात खोटं बोललेलं पोर तिच्या नजरेतून कधी सुटलं नसेल. माझ्यासाठी ती गप्प बसली.

नळी नीट बसली. पू वाहायला लागला. पण मध्येच तिला उलटी झाली आणि ती श्वासनलिकेत गेली. ‘पोट रिकामं होतं ना?’ डॉक्टरांनी घाईघाईने बाहेर येऊन विचारलं. मी ‘हो’ म्हणालो. दुसऱ्यांदा.

पोटातलं दुखणं दोन दिवसांत ओसरलं. धाप मात्र वाढत गेली. तिसऱ्या दिवशी तिने ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला. ‘डॉक्टरना सांगितलंस?’

‘सांगितलं.’

‘रागावले?’

‘नाही.’

‘बरं झालं.’ मग थोडा दम खाऊन, ‘मीठ कमी होतं रे.’

ज्या गुरुवारपर्यंत ती टिकणार नाही म्हणून मी खोटं बोललो, त्याच गुरुवारी ती गेली.

मागच्या आठवड्यात कागदपत्रं आणायला गेलो, मुद्दाम गुरुवारीच. कोल्हापूरच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. ‘किती दिली होतीत?’ ‘दोन घोट.’ ‘त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत इथेच होतो,’ ते म्हणाले. ‘सांगितलं असतंत, तर त्यांना शेवटी घेतलं असतं.’ मी उठलो.

दोन घोट... या दोन शब्दांच्या आधारावर मी इतके दिवस काढले. थर्मास तिच्या कपड्यांबरोबर घरी आला होता, त्याला मी हात लावला नव्हता. काल हे लिहायला बसण्याआधी तो मोरीत नेऊन उघडला. आंबलेला भपकारा आला. ओतायला लागलो, तर ओतायला फारसं काही नव्हतंच. तळाशी बोटभर.

भावाने केलेली पहिली पेज. मीठ कमी असलेली. ती तिने जवळजवळ सगळी संपवली होती.

थर्मास धुऊन ओट्यावर पालथा घातला आहे. गुरुवारी डॉक्टरांकडे पुन्हा जायचं आहे.