टँकरवाल्याचा फोन

फोन न उचलण्यात माझा हात धरणारा पुणे शहरात कोणी नव्हता. पिंपरी-चिंचवडचं मला माहीत नाही. माझा मोबाइल खोक्यातून निघाला तो सायलेंटवर, आणि तसाच म्हातारा झाला. नोकरी देऊ पाहणारे साहेब, स्थळं सुचवणाऱ्या मावश्या, उसासे टाकणारे मित्र, सगळे त्या काचेवर मुक्याने लुकलुकून विझून गेले. पस्तिशी उलटली तेव्हा शनिवार पेठेतली भाड्याची खोलीही सुटली. मालकांनी आधी फोन केला होता म्हणे.

मग मी वाघोलीत ताईच्या फ्लॅटवर गेलो, चार दिवस म्हणून. त्या चार दिवसांत तिच्या सोफ्याला माझ्या आकाराचा असा खड्डा पडला की भाऊजींचा रिमोट, चष्मा आणि शेजारणीचं मांजर त्यात गडप झालं. मांजर नंतर बाहेर निघालं. चष्म्याची आशा आम्ही सोडली आहे.

सोसायटीच्या मीटिंगला मी गेलो तो बटाटेवड्यासाठी. आमच्याकडे वड्याशिवाय मीटिंगला कोणी येत नाही आणि वडे संपल्यावर कोणी थांबत नाही. त्यामुळे अध्यक्षकाका नावडता विषय बरोबर लोकांची तोंडं भरलेली असताना काढतात. मी दुसऱ्या वड्यासाठी हात वर केला, आणि नेमकं त्याच क्षणी काकांनी विचारलं होतं, उन्हाळ्यात टँकरची जबाबदारी कोण घेणार. घास गिळून मी नाही म्हणेपर्यंत टाळ्याही वाजून संपल्या होत्या.

काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "अहो, आपल्याला वेळ काढावा लागणार नाही. आपण तो आधीच काढून ठेवलेला आहे. फक्त जमेल का, एवढं सांगा."

लोक हसले. मीही हसणार होतो, तेवढ्यात मागून ताई म्हणाली, "तो करेल. नाही केलं, तर मी करीन."

ताई रोज वाघोलीहून हिंजवडीला जाते. तो प्रवास एवढा लांब आहे की निघताना घातलेला स्वेटर पोचेपर्यंत काढावा लागतो. घरी येते तेव्हा तिच्या पायात चप्पल आहे का चपलेत पाय, हे तिलाही कळत नाही. त्या बाईने माझ्यासाठी स्वतःला तारण ठेवलं होतं. तिसरा वडा मी खाल्ला नाही. यावर घरात अजून कोणाचा विश्वास बसत नाही.

टँकरचा कायदा सोपा होता. ड्रायव्हर नाक्यावरून फोन करतो. उचलला तर गाडी तुमच्या गेटात, नाही उचलला तर पुढच्या सोसायटीत. आमचे ड्रायव्हर इथल्याच गावातले. पहिल्याच भेटीत त्यांनी मला सांगून टाकलं, "मी एकदाच वाजिवतो, पाव्हणं. दुसऱ्यांदा फोन लावायची आमच्या घराण्यात पद्धत न्हाई."

त्या दिवशी मी सायलेंटचं बटण सरकवलं. ते करकरलं, शपथेवर सांगतो. रिंगटोन लावली ती ढोल-ताशाची. पहिल्यांदा वाजली तेव्हा समोरच्या बिल्डिंगमधले लोक मिरवणूक बघायला गॅलरीत आले.

दिवस बरे चालले होते, तोवर तळमजल्यावरच्या काकूंच्या मुलीची हळद आली. साताऱ्याहून एवढे पाहुणे उतरले की सकाळच्या आंघोळीतच गच्चीवरची टाकी तळाला गेली. काकू दारात आल्या. "येईल ना रे टँकर?" मी आयुष्यभर 'बघू' म्हणत आलो होतो. तोंडातून निघालं, "येईल, काकू."

मग म्हटलं, तेवढ्यात आपणही आवरून घ्यावं. उरलेल्या अर्ध्या बादलीवर डोक्याला शांपू लावला, अंगाला साबण फासला, आणि बाहेर ढोल-ताशा सुरू झाला.

माझं आख्खं शिक्षण सांगत होतं, वाजू दे. तरी टॉवेल गुंडाळून धावलो. फोन सोफ्याच्या खड्ड्यात होता. कोपरापर्यंत हात घातला, फेसाळल्या कानाला लावला.

"नाक्यावर हाय. येऊ का म्होरं जाऊ?"

"या," मी म्हणालो, "मी गेटवरच आहे."

बोललो खरं, पण मग गेटवर असणं भाग होतं. जमिनीखालच्या टाकीच्या झाकणाची किल्ली माझ्याकडे. शिवाय पाणी सोडण्याआधी टँकरवर चढून तो काठोकाठ भरलाय का हे बघणं, हे आमच्या कामाचं मूळ. तेव्हा हळदीच्या मांडवातून, पिवळ्या माणसांमधून, मी पांढराफेक टॉवेलवर गेलो आणि टँकरवर चढलो. वरून वाघोली ते सिंहगड सगळं दिसत होतं. खाली साताऱ्याच्या एका आजींनी हात जोडले.

"भरलाय," मी वरून सांगितलं.

अध्यक्षकाका गेटापाशी उभे होते. "अहो, आंघोळ पाणी आल्यावर करतात," ते म्हणाले. मग वर बघून, "उतरताना जपून." काकांनी कोणाला जपायला सांगितल्याचं बिल्डिंगमध्ये कोणाच्या ऐकिवात नाही. उतरलो तर काकूंनी माझ्या गालाला हळदीचं बोट लावलं.

खालची टाकी भरेपर्यंत साबण अंगावर वाळून माझा पापड झाला होता. मोटर लावली, नळाला पाणी आलं, आंघोळ पुरी केली. केस पुसतोय तोच पुन्हा ढोल. पहिल्या ठोक्यालाच उचलला. हिंजवडीहून ताई.

"काय गं, काय झालं?"

"काही नाही. उचलतोस का, ते बघितलं."

टँकरचं तिने विचारलंच नाही. मग म्हणाली, "जेवून घे."

जेवण्याआधी मी एक फोन लावला. मला नोकरी देऊ पाहणाऱ्या एका साहेबांना, ज्यांना मी काचेवर विझू दिलं होतं. वाजून वाजून बंद पडला. हरकत नाही, म्हटलं, संध्याकाळी परत लावू. दुसऱ्यांदा फोन लावायची आमच्या घराण्यात पद्धत आहे.