भांडणावाचून मोडलेली काडी

श्रीपत गेल्याची बातमी मला कोणी सांगितली नाही, माझ्या यजमानांना सांगितली. वडनेरचा एक माणूस वर्ध्याच्या बाजाराला आला होता, तो वाट वाकडी करून बोरगावला आमच्या दारात आला. मी समोरच तूर पाखडत बसले होते, पण माझ्याकडे न पाहता तो ह्यांना म्हणाला, "देवरावभाऊ, तुमच्या बाईचा पयला होता ना, थो गेला. छाती भरली होती त्याची." पयला... त्याला नाव होते. ह्यांनी त्या माणसाला पाणी दिले, वाटेला लावले, आणि माझ्या हातातले सूप काढून बाजूला ठेवले. सांजेला शेजारच्या बायका आल्या. एक म्हणाली, तुले काई सुतक नाई लागत बाई, आंघोळ करू नको उगीच. दुसरी म्हणाली, सुटलीस. तिला वाटले ती मला धीर देते आहे. मी मान खाली घालून बसले. चारचौघांत माझा आवाज निघत नाही, लहानपणापासून नाही. म्हणून लिहिते आहे. रविवारच्या पुरवणीत गेलेल्या माणसांवर लेख येतात, आमचे हे कोणाकडून तरी आणतात ते मी वाचते. त्यात बायको लिहिते, मुलगा लिहितो, मित्र लिहितो. जिची काडीमोड झाली ती बाई लिहिताना मी पाहिली नाही. हेही कोणाला दाखवायचे नाही, पण लिहायचे तर आहे.

श्रीपत माझ्या आत्याचा मुलगा. माझी आई गेली तेव्हा मी लहान होते. बाबांनी मला वडनेरला आत्याकडे पोचवले, आणि पोरगी घरात आलीच आहे तर घरातच राहू दे म्हणून वर्षभरात आमचे लग्न लावून टाकले. आम्हाला त्याचे काही वाटले नाही. आम्ही एका ताटात जेवत होतो, एका शाळेत जात होतो. माझी चौथी झाली आणि शाळा सुटली, तो पुढे गेला. लग्नानंतरच्या पहिल्या राखीला मी इतर पोरींसारखा रंगीत दोरा घेऊन त्याच्यापुढे बसले, तर आत्याने हातावर चापट मारली. "नवऱ्याले राखी बांधून राह्यली, पागल?" तो मनगट पुढे करून बसला होता. त्याचेही तोंड उतरले. दोरा मग आम्ही बकरीच्या गळ्यात बांधला.

मोठे झालो तशी आत्याने आमची खोली वेगळी केली. ह्याबद्दल फार लिहायला लाज वाटते, पण न लिहिता पुढचे कळायचे नाही. आम्ही नवरा-बायकोसारखे राहून पाहिले. दोघेही अंग चोरून राहायचो आणि सकाळी एकमेकांकडे बघायचो नाही. भांडण एकदाही झाले नाही. त्याने हात उचलला नाही, मी उलट बोलले नाही. त्याला चार घास जास्त जावेत म्हणून मी धडपडायची, माझ्या पायात काटा गेला तर तो काढून द्यायचा. पण ते जे असते नवरा-बायकोत, ते आमच्यात येईना. गावात सगळे म्हणत, काय जोडा आहे...

एकदा कापूस वेचणीच्या दिवसांत आम्ही दोघे शेताच्या धुऱ्यावर भाकर खात बसलो होतो, तेव्हा तोच बोलला. "मथे, आपण काडी मोडून टाकू काय? तू बी कोणाची तरी बायको होशीन, मी बी कोणाचा तरी नवरा होईन. असं त दोघंबी कोणाचेच नाई." मला आधी रडू आले आणि मग इतके हलके वाटले की मी उरलेली भाकर त्याच्या पुढ्यात सरकवली. तिथेच सगळे ठरवले. त्यांच्याकडचे डोरले आणि पाटल्या मी परत करायच्या, बाबांनी दिलेली भांडी मी घेऊन जायची. आत्या माझी आत्याच राहील, पोळ्याला, दिवाळीला मी येत जाईन. कोणी कोणाबद्दल वाईट बोलायचे नाही, आणि पंचांपुढे दोघांनी खरेच सांगायचे. तो म्हणाला, "बकरीच्या गळ्यातला दोरा राह्यला असता त आज कामी आला असता." मी हसले. लग्नानंतर त्याच्यासमोर तोंड उघडून हसल्याचे मला तेवढेच आठवते.

आमच्या समाजात काडीमोड नवी नव्हती. पंच बसायचे, गवताची काडी दोघांत धरून मोडायची, झाले. पण एक रीत होती. ज्याचा दोष ठरेल त्याने पंचांना जेवण घालायचे. त्यामुळे दोष ठरवल्याशिवाय काडी हातात देत नसत. आम्हाला हे ठाऊक होते, पण दोघांनी मिळून जेवण घातले म्हणजे झाले असे आम्ही धरून चाललो. मारुतीच्या पाराजवळ बैठक बसली. मी बायकांत मागे बसले होते. मुख्य पंच विसाजी पाटील, वडीलधारे माणूस, त्यांनी विचारले दोष कोणाचा. श्रीपत म्हणाला, कोणाचाच नाही. मारझोड आहे काय? नाही. बाई बाहेर जाते काय? नाही. दारू? नाही. मग त्यांनी माझ्याकडे मान वळवून विचारले, आणि मी कशीबशी म्हटले, जो दोष असेल तो अर्धा माझा. लोक हसले. विसाजी पाटलांनी हसणाऱ्यांना गप्प केले, पण श्रीपतला म्हणाले, "बाबू, भांडण नाई, दोष नाई, मंग आमी काय मोडाचं? घरी जाऊन नांदा सुखानं."

दुसऱ्या बैठकीतही तेच झाले. तोवर गावात कुजबुज सुरू झाली होती, आणि ती सगळी माझ्याकडे वळली होती. एवढी सुखातली पोरगी सोडून जाते म्हणजे आर्वीच्या बाजारात कोणीतरी भेटला असेल. विहिरीवर मी गेले की बोलणे थांबायचे. बाबांना गावातल्यांनी विचारले, तेही मला येऊन विचारू लागले. श्रीपत हे सगळे ऐकत होता.

तिसऱ्या बैठकीत त्याने मला न विचारता उभे राहून सांगितले, "दोष माह्या अंगात हाय. मी बायको नांदवाच्या लायक नाई." एवढेच. बायकांत चुकचुक झाली. विसाजी पाटलांनी लगेच काडी मागवली. मी उठून उभी राहिले आणि म्हटले, हे खोटे आहे. माझ्या मानाने मोठ्याने म्हटले. बाजूच्या बाईने माझा पदर ओढून खाली बसवले. पंचांतला एक म्हणाला, लाजेनं बोलून राह्यली, नवऱ्याची इज्जत झाकते. जे खोटे होते ते किती खोटे होते, हे जगात एका मलाच ठाऊक असणार, आणि माझेच कोणी ऐकेना. काडी माझ्या हातात दिली. दुसरे टोक त्याने धरले होते. मी त्याच्याकडे इतक्या रागाने पाहिले... त्याने मान खाली घातली आणि काडी मोडली. जेवण त्याने घातले.

मला त्यातून एवढेच मिळाले की त्याचे नाव तोंडाने घेता येऊ लागले. दुसऱ्या वर्षी ह्यांच्याशी माझा पाट लागला, घर मिळाले, मूल झाले. त्याला मात्र कोणी मुलगी दिली नाही. कोण देणार? तो हिंगणघाटला कापसाच्या एका जिनिंगमध्ये लागला आणि आठवड्याने घरी यायचा. एकदा एसटी स्टँडवर भेटला, तर मी सगळा राग काढला. म्हटले, आपण खरे सांगायचे ठरवले होते. तो म्हणाला, "खऱ्यावर त्यायनं सोडलं असतं काय तुले?" आणि माझ्या मुलाला हातावर उचलून गाडी येईपर्यंत खेळवत राहिला. लोक टक लावून बघत होते. काडी मोडलेल्यांनी बोलायचे नसते म्हणे. आता सरकारचा नवा कायदा आला आहे. ह्यांनी एका वकिलाला सहज विचारले होते. ते म्हणाले, कोर्टातही एकाने दुसऱ्याचा दोष दाखवावा लागतो, दोघांनी मिळून मागितले तर कोर्ट देत नाही. म्हणजे शिकलेल्या लोकांनी बसून विचार केला आणि तेही पारापाशीच येऊन थांबले.

तेरवीला मी आत्याची भाची म्हणून गेले. हेही मुलाला घेऊन आले. पंगतीत वाढताना ऐकले, कोणीतरी म्हणत होते, बिचारा अधुरा होता, पण माणूस चांगला. माझ्या हातातली बादली मी खाली ठेवली. विसाजी पाटील पहिल्याच पानावर होते. मी त्यांच्यासमोर जाऊन सांगितले की श्रीपत त्या दिवशी खोटे बोलला होता, त्याच्यात दोष नव्हता, आता तो गेला तर निदान ते नाव पुसा. त्यांनी पानावरचा हात आवरला. मग हलक्या आवाजात, रागाने नाही, म्हणाले, "बाई, थे खोटं ठरलं त काडी खोटी ठरते. मंग तू आज कोणाची? अन् हे लेकरू कोणाचं?" ह्यांनी पानावरून मान वर केली आणि म्हणाले, "मायं घर कोणाच्या काडीवर उभं नाई, पाटील. तिले बोलू द्या." पण पाटलांनी भात मागितला, कोणीतरी वाढला, आणि पंगत पुढे सरकली. मी बोलले होते. ऐकले गेले नाही एवढेच.

पाहुणे गेल्यावर घर सारवायला घेतले. आत्या बाहेरची भिंत लिंपत होती, मी शेण-माती कालवून देत होते. तिने हात न थांबवता विचारले, "मथे, तू पंगतीत बोलली थे खरं हाय?" मी हो म्हटले. आणि तेव्हा मला कळले की तिलाही त्याने कधी सांगितले नव्हते. आपल्या पोटी अधुरे पोर आले असे समजून ती इतकी वर्षे मान खाली घालून वावरली होती. ती म्हणाली, "मंग मी त्याच्यासाठी पोरगी काऊन नाई पाह्यली... पाहाले पायजे होती ना मी." मला वाटले होते, निदान एका माणसाला खरे सांगितले की बरे वाटेल. बरे वाटले नाही.

जिनिंगमधून आला की तो घरात शिरण्याआधी दाराशी उभा राहून अंगावरचा दुपट्टा भिंतीवर झटकायचा. वर्षानुवर्षे झटकून दाराच्या उजव्या अंगाला, त्याच्या खांद्याच्या उंचीवर, रुईचे बारीक तंतू सारवणात रुतून बसले आहेत. पांढुरका पट्टा दिसतो, बोट फिरवले तर मऊ लागतो. आत्या लिंपत लिंपत तिथपर्यंत आली. तिने हातातला गोळा थोडा वेळ तसाच धरला. मग तेवढी जागा सोडली, आणि दाराच्या पलीकडून पुन्हा सुरुवात केली.