आत्याचा मान

देव आहे की नाही, हा विचारच मी सोडून दिला होता. असलाच तर माझ्याकडे पाठ करून बसला आहे, एवढे पक्के वाटे. लग्नानंतर वर्षाच्या आत कुंकू पुसले गेले आणि मी जुन्या इंदूरला माहेरी परत आले. होळकरांचे राज्य मध्य भारतात विलीन झाले, माझ्या वडिलांच्या, नानांच्या, कचेरीवरची पाटी बदलली; आमच्या घरातला कायदा मात्र जिथल्या तिथे. शुभकार्य निघाले की मी स्वयंपाकघरात. तिथे पुऱ्या लाटता लाटता मी मनातल्या मनात एकेकीचा उद्धार करी.

वहिनी बाळंतपणात अडली, तेव्हा तिला मिशनच्या दवाखान्यात न्यावे लागले. सोबतीला आई आणि मी. बाळ जन्मले, पण त्याचे अंग गार पडत होते आणि आत वहिनीचा रक्तस्राव थांबेना. सिस्टरने बाळ गुंडाळून बाहेर आणले आणि सरळ माझ्यापुढे धरले. आई ओरडली, "तिच्या हातात नको! अपशकुन होईल!"

"मग देवानं त्यांना इथं कशाला आणलं?" सिस्टर म्हणाली. ती नगरकडची, मराठी ख्रिस्ती. "ताई, पदराखाली घ्या, छातीशी धरा. नाव काय तुमचं?"

मी सांगितले. माझे नाव घेऊन ती म्हणाली, "अजिबात सोडू नका," आणि आत पळाली. मी बाळाला पदराखाली छातीशी घट्ट धरून बसले होते आणि प्रथमच भांडण न काढता म्हणत होते, देवा, जो कोणी असशील तो, हे तुझे तूच सांभाळ. थोड्या वेळाने ते पोर असे भोकाड पसरून रडले की आईसुद्धा हसली!

वहिनीही वाचली. वॉर्डात सिस्टर रोज सकाळी शुभवर्तमान वाचून दाखवी. एकदा तिने ख्रिस्ताच्या कबरीपाशी रडत उभ्या असलेल्या बाईची गोष्ट वाचली. मरणातून उठलेला प्रभू आधी तिला भेटला, तिला नावाने हाक मारली आणि ही आनंदाची बातमी सांगायला तिलाच धाडले. मी ताडकन उठून बसले. जगातली सर्वांत शुभ बातमी, आणि ती एका रडणाऱ्या बाईच्या तोंडी! म्हणजे मला अपशकुनी ठरवणारा देव नव्हताच! त्याच दिवशी मी प्रभूची झाले. राजवाड्यासमोर उभे राहून ओरडून सांगावे, असे झाले होते मला.

घरी सांगितले तेव्हा नाना उठून कचेरीला निघून गेले. आई म्हणाली, "आधीच काय कम होतं?" आणि माझ्याशी बोलणेच टाकले.

बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. तो अर्थात एका सुवाशीण चुलत बहिणीला दिला होता. मी पुऱ्या लाटत होते आणि नवल म्हणजे कोणाचाही उद्धार होत नव्हता. प्रभू, मान मिळो न मिळो, मी तुझी आहे, एवढेच मनात.

इतक्यात बाहेरून वहिनीचा आवाज आला. "नाव वन्संच ठेवतील. नहीं तो बारसं होणारच नाही."

"अगं, लोग क्या कहेंगे?" आई पुटपुटली.

"कहने दो! हा त्यांच्या उबेवर जगलाय."

मी पिठाचे हात पदराला पुसत बाहेर आले, पाळण्यावर वाकले आणि त्या इवल्या कानात "कुर्रर्र" करून नाव सांगितले. त्याच वेळी आत्याच्या पाठीत बायकांनी धपाटे घालायचे, अशी आमच्याकडे रीत. पण विधवा, त्यात आता ख्रिस्ती. एकही हात उठला नाही. मी तशीच वाकून राहिले. लाज वाटली, पण राग आला नाही. हेही तुझ्याच हवाली, म्हटले.

आणि पाठीत असा सणसणीत धपाटा बसला की डोळ्यांपुढे काजवे चमकले! मग बाकीच्या तुटूनच पडल्या. आजवर मी जे हट्टाने, भांडून मागितले, त्यातले काहीच मिळाले नव्हते. मुठी उघडल्यावर हे मिळाले. प्रभूचे उपकार मी कोणत्या तोंडाने सांगू? तो पहिला धपाटा आईचा होता.